गोळ्याशिवाय गाडी हलत नाही

कासुर्डीच्या शिवारातली ती मोरी श्वास घ्यायची, हे मी शपथेवर सांगते. वैशाखाचं ऊन असं की वहाण काढली तर तळवा भाजून निघावा, आणि त्या दगडी कमानीपुढं नुसतं उभं राहिलं तरी पोटऱ्यांना गार वारा लागायचा. त्या वाऱ्याला वास होता... वाळलेल्या शेवाळाचा, ओल्या चुन्याचा, पाकोळ्यांच्या लेंड्यांचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याचं नाव मला अजून सापडलेलं नाही. पाटाची चारी एका मुरमाड टेकाडाखालून पलीकडं नेण्यासाठी कुणीतरी ती कधीकाळी बांधली होती. चाळीसएक पावलं लांब, लहान पोरालाही मान वाकवून जावं लागेल इतकी बुटकी, आणि मधोमध वळलेली. त्या वळणामुळं या तोंडातून पाहिलं तर पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसत नसे. दिसायचा तो नुसता अंधार, आणि तोही आपल्याकडं बघत असल्यासारखा.

आणि अशा ठिकाणी आम्ही सहलीला जायचो! आनंदानं, उड्या मारत जायचो!

त्या काळात दौंडच्या रेल्वे चाळीतल्या पोरांना दुसरं होतं तरी काय? पोरं दहा-बारा वर्षांची झाली की त्यांना भातुकली पुरत नाही आणि थोरांच्या गप्पांत कुणी बसू देत नाही. मग ती घरात माजतात. आमच्या आईच्या मते मी तर तेराव्या वर्षी पुरती माजले होते. त्यावर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच उतारा असे. सुट्टीतल्या एखाद्या रविवारी त्यांना रेस्ट मिळाली की पास काढायचा, सकाळच्या पॅसेंजरनं यवतला उतरायचं आणि आप्पांचे जुने स्नेही गेनूआबा यांच्या कासुर्डीच्या मळ्यात जायचं. कोळशाची कुसळं डोळ्यांत, फडक्यात दशम्या आणि लसणीची चटणी, मळ्यात पाडाचे आंबे, विहिरीवर मोटेची कुरकुर... आणि उन्हाळ्यात पाट बंद असला, चारी कोरडी पडली, की सगळ्यांत शेवटी ती मोरी.

आता आप्पांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आप्पा दौंड स्टेशनावर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. मनमाडकडं जाणारी लाईन तेव्हा एकेरी. त्या एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हाती गोळा द्यायचा. वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याचा खिसा, खिशात लोखंडी गोळा. तो हाती आल्याशिवाय इंजिन जागचं हलायचं नाही, आणि तो पुढच्या स्टेशनात पोचल्याशिवाय दुसरी गाडी सुटायची नाही. आप्पा देव मानत, पण गोळा जास्त मानत. मोरीसाठी त्यांनी जुन्या टोपलीच्या वेताचं कडं वळून त्यात एक लाकडी लट्टू अडकवला होता आणि नियम घातला होता: गोळा असेल त्यानंच आत शिरायचं, पलीकडून निघून टेकाडावरनं परत यायचं, गोळा आप्पांच्या हातात द्यायचा. तोवर दुसऱ्यानं जायचं नाही. मध्येच गोळा हातचा गेला, तर जागेवर थांबायचं. अरुंद अंधारात दोन पोरं समोरासमोर आली, एकानं भिऊन दुसऱ्याला ढकललं, डोकं दगडावर आपटलं, तर? म्हणून हे.

"पावणं, तुमची रेल आमच्या रानात बी आली व्हय!" गेनूआबा म्हणायचे. "तिकीट कवा काढू म्हंता?"

"तुम्ही आत मावायचे नाहीत आबा. तुम्हाला मालगाडीनं न्यावं लागेल," आप्पा गंभीरपणे सांगायचे.

त्या दिवशी कवठे येमाईचा माझा मामेभाऊ दत्तू आमच्याबरोबर होता. चौदा वर्षांचा, ओठावर नुकती काळपट रेघ उमटलेला आणि त्या रेघेचा भलताच तोरा असलेला. तो शीळ घालत मोरीतून गेला, शीळ घालत परत आला. मग मी गेले. आत कसं वाटलं ते कुणाला सांगितलं नाही. पाकोळी कानाजवळून गेली तेव्हा माझ्या तोंडून निघालेला आवाज इंजिनाचा होता असं मी जाहीर केलं. उरली माझी धाकटी बहीण शकू. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, सांगितलेलं सगळं तंतोतंत ऐकणारी. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"राहू द्या आत्या," दत्तू माझ्या आईला म्हणाला, "शकीला आपण खांद्यावर बसवून आंबे दाखवू. मोरी मोठ्यांची हाय."

एवढं पुरे झालं. शकूनं गोळा घेतला आणि ती आत शिरली. आई जेवणाची तयारी करायला मळ्याकडं परतली.

मी पलीकडच्या तोंडाशी जाऊन दबा धरला. कशाला? तिला घाबरवायला, दुसरं कशाला! ती वळणाशी आली की घुमत्या आवाजात तिचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. पण आधी तिचाच आवाज आला, इतका बारीक की दगडातून पाझरल्यासारखा. "सुमे... माझे पाय हलत नाहीत गं."

मी वाकून आत गेले. वळणापाशी ती भिंतीला पाठ लावून बसली होती, गोळा छातीशी धरून. "आप्पांना सांगू नकोस," ती म्हणाली. "दत्तू हसेल."

आणि माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. "आण तो गोळा. मी आप्पांना देते, म्हणते शकूनं दिलाय. तू दम खा आणि थोड्या वेळानं हळूच ये."

तिनं गोळा दिला. काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण मी तोवर निघालेही होते.

"शकूनं दिलाय," मी सांगितलं. "ती आईकडं गेली."

आप्पांनी गोळा उलटसुलट पाहिला, हसले. "पार झाली पोर! लाईन क्लिअर. चला, जेवायला."

मळ्यातल्या आंब्याखाली दशम्या निघाल्या. आई विहिरीवर हात धुवायला गेली होती, त्यामुळं खोटं उघडं पडलं नाही. मी पहिला घास घेतला. तेवढ्यात चारीच्या बांधावरून सायकलवर पाटकरी, पाटाच्या पाण्यावर देखरेख ठेवणारा, आला, आणि न थांबताच ओरडला, "आबा, पोरं-गुरं काढा चारीतनं! वरनं पानी सुटलंय, आलंच!"

घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

"आपलं कुणी नाही आत," आप्पा शांतपणे म्हणाले. गोळा त्यांच्या मांडीवर होता.

मला वाटलं, ती बाहेर आली असेल. नक्कीच आली असेल; टेकाडामागं बसून डोळे पुसत असेल. आत्ता सांगितलं तर आप्पांना कळेल की मी गोळ्याची लबाडी केली... गोळ्याची! आप्पांच्या लेकीनं! किती वेळ गेला असेल? दत्तूनं कैरीची एक फोड खाल्ली, तेवढाच. पण तेवढ्या वेळात मी किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, ते माझं मला ठाऊक. आई विहिरीवरून आली, ओले हात पदराला पुसत तिनं आम्हाला नजरेनंच मोजलं आणि विचारलं, "शकू कुठंय?"

"तुझ्याकडंच आली की," आप्पा म्हणाले.

"माझ्याकडं? छे."

"गोळा माझ्या हातात आहे," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तो उचलून दाखवला, ड्रायव्हरला दाखवावा तसा.

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, गोळ्याकडं पाहिलं, आणि तो खाली पडला.

पाणी येतं कसं, ते पाहिलंय तुम्ही? कोरड्या चारीत ते पाण्यासारखं येत नाही. आधी सळसळ येते, मग वाळका पाला, काटक्या, फेस, जीव घेऊन पळणारे उंदीर-विंचू असा एक तपकिरी गालिचा सरकत येतो, आणि त्याच्यामागं पाणी. आम्ही धावलो तेव्हा तो गालिचा मोरीच्या वरच्या तोंडाशी पोचला होता. आप्पा खालच्या तोंडातून रांगत आत शिरले. दोन पाय दिसले, मग तेही दिसेनात. आई "शके, शके" म्हणत दगडावर हात आपटत होती. वरच्या तोंडातून पाणी आत जात होतं, आणि खालच्या तोंडातून आधी एक गार फुंकर आली, मग पाला, मग पाणी... घोट्याइतकं, पोटरीइतकं, गुडघ्याइतकं. दत्तूच्या ओठावरची रेघ थरथरत होती. गेनूआबांनी डोक्याचा पटका सोडून एक टोक दत्तूच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. "शिर पोरा, भिऊ नगंस, म्या धरलंय," ते म्हणाले, आणि शीळ घालणारा दत्तू रडत रडत पाण्यात शिरला.

पाणी कमरेला लागलं तेव्हा कमानीतून आधी एक वेणी आली. मग आप्पांचा हात.

शकूला उताणी ठेवली, तिनं पाणी ओकलं, आणि आईच्या मांडीवर थरथरत डोळे उघडले. "अगं, बाहेर का नाही आलीस?" आई तिला हलवत विचारत होती. "पाण्याचा आवाज आला नाही का तुला?"

"आला की." शकूनं आप्पांकडं पाहिलं. "पण माझ्याकडं गोळा नव्हता."

आप्पांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. गेनूआबा पटका पिळत राहिले, पिळून झाला तरी पिळत राहिले.

मला मार बसला नाही. परतीच्या गाडीत आप्पांनी शकूचं मनगट धरलं होतं, ते दौंड येईपर्यंत सोडलं नाही. पाटस गेलं, खिडकीबाहेरची ज्वारीची मोकळी रानं गेली, आणि मी वाट पाहत राहिले, की आता रागावतील, आता मारतील. ते रागावलेच नाहीत. त्यांचं माझ्यावरचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही, लग्नात माझ्यापेक्षा तेच जास्त रडले. फक्त एक झालं. मी सांगितलं, "आप्पा, कडी लावलीय," तर ते "बरं" म्हणायचे, आणि मग उठून कडीला हात लावून यायचे. मी सांगितलं, दूध उतू गेलं नाही, तर जाऊन पातेल्यात पाहायचे.  मला पावलं ऐकू यायची.

मी जन्मभर हजार गोष्टी रचून सांगितल्या, लोकांना हसवलं, भिववलं. लोकांनी विश्वास ठेवला. परवाच्या थंडीत आप्पा अखेरचे आजारी होते. डोळे मिटलेले, बोलणं बंद झालेलं. शकू सोलापूरहून धावत आली, उशाशी बसली, तिनं त्यांचा हात हातात घेतला. मी कानाशी वाकून म्हटलं, "आप्पा, शकू आलीय."

त्यांनी मान हलवली. आणि मग, अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं बळ एकवटून, डोळे उघडून पाहिलं.