राहीचं आवण

हातखंब्याजवळच्या एका वाडीत राही कळंबटे राहायची. नवरा केरू मुंबईला गिरणीत, त्यामुळे घरची भाताची दोन खाचरं तिच्याच हातांवर. गावचा रिवाज असा, की लावणीचे पहिले दिवस सगळ्या कुळांनी जमीनमालक खोतांच्या शेतात वेठीला जायचं, फुकट. मग आपल्या शेतात उतरायचं.

१९३९ सालच्या शिमग्याच्या सुमारास मुंबईच्या असेंब्लीत कुळांच्या बिलावर आठवडाभर चर्चा चालली. शाळेचे अण्णा जोगळेकर गुरुजी खोतांचेच भाऊबंद. पण वर्तमानपत्र आलं की ते पडवीत बसून मोठ्यानं वाचायचे. पुरुष जमायचे, नि राही गवताचा भारा उतरवून कडेला उभी राहायची. पहिले दोन दिवस कलमं, दुरुस्त्या तिच्या डोक्यावरून गेल्या. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी वाचलं, "एक सभासद म्हणाले, कोकणातली कुळं खोतांकडे आनंदानं राबतात."

राही पुढं आली. "आनंदानं कोण जातंय, गुरुजी? गेल्या साली खोतांची लावणी आटपून येईस्तोवर माझं भातरोपांचं आवण वाफ्यातच वाढून पिवळं पडलं. अर्धं खाचर रिकामं ऱ्हायलं. ह्ये त्यांना कोण सांगनार?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "तू सांग. मी लिहितो."

पत्र तिच्याच शब्दांत झालं. खाली तिचा अंगठा उठला आणि शेजारी गुरुजींनी 'समक्ष' म्हणून स्वतःची सही केली.

"तुमची सही कशाला? खोत काय म्हनतील?" जमलेल्यांतला म्हातारा भागोजी हळूच म्हणाला.

"अंगठ्याला साक्षीदार लागतो," गुरुजी एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी पत्र आगबोटीनं मुंबईला गेलं. चर्चेच्या शेवटच्या दिवशी कुळांच्या बाजूच्या एका सभासदानं ते सभागृहात वाचून दाखवलं. छापून आलं तेव्हा राहीचं नाव नव्हतं, नुसतं 'रत्नागिरीकडील एक कुळवाडी स्त्री'. गुरुजींना वाईट वाटलं. राही म्हणाली, "नाव नाय आलं तं नाय. माझं आवण तिथवर पोचलं."

बिलाचा कायदा होऊन गावात यायला पुढं बराच काळ गेला. पण त्या पावसाळ्यात वाडीतल्या बायका वेठीला गेल्याच नाहीत, नि पेपरात आपलं नाव निघेल या धास्तीनं खोतांनीही बोलावणं धाडलं नाही. राग निघाला तो गुरुजींवर. भाऊबंदांनी त्यांना पंगतीचं आमंत्रण बंद केलं. त्यांच्या टीचभर खाचराला गडीही मिळू दिला नाही.

राहीनं आपली लावणी आटपली आणि जाऊबाईला घेऊन गुरुजींच्या खाचरात उतरली. गुरुजी पावसात डोक्यावरचं इरलं सावरत बांधावर आले.

"राही, वेठ बंद झाली ना गं?"

"वेठीला बोलावनं येतं, गुरुजी. आमी आपसूक आलो." तिनं आवणाची मूठ सोडली. "तुमी लिवलंत म्हनून औंदा माझी दोन्ही खाचरं हिरवी झाली."

गुरुजींनी धोतर खोचलं आणि तिच्याशेजारी चिखलात उतरले. लावणीचा हात त्यांना नव्हता. राही त्यांची वाकडी रोपं सरळ करत गेली.