तिसऱ्या मजल्यावरचं विक्रीचं घर

कुणी नमस्कार केला, की अण्णा आधी त्या माणसाच्या मागे बघायचे. मागे दुसरं कुणी उभं नाही, अशी खात्री पटली की मगच त्यांचे हात जोडले जात. वर कानडी ढंगात, 'बरं' या अर्थी, म्हणायचे, "सरी. पण आतली गोष्ट काय?"

दूधवाला जरा लवकर आला तरी हाच प्रश्न. तुमच्याही इमारतीत असा एखादा गृहस्थ असेलच. आमच्याकडे अण्णा होते. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नवा बोल्ट मागायला आलेल्याला ते आधी झिजलेला बोल्ट आणून दाखवायला लावत. नोकरी संपली, पण खिडकीच्या जाळीआडून जगाकडे बघायची सवय काही सुटली नाही.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यातून त्या थेट होसकोट्याला लेकीकडे गेल्या. तिथं तळमजला होता, जिना नव्हता. "महिन्याभरात घर विकतो आणि येतोच," असं सांगून अण्णा इथं राहिले. त्याला दीड वर्ष झालं.

लोक घर बघायला येत. धापा टाकत वर चढत, खोल्या बघत आणि "कळवतो" म्हणून उतरत. अण्णांना वाटे, एजंटच त्यांना जिन्यात गाठून काहीतरी सांगतो, भाव पाडायला. मग एक दिवस संशय माझ्यावर आला.

"ही मधली भिंत पाडली तर दोन घरांचं एक होतं. होय ना?"

"कुणाला पाडायचीय भिंत?" मी विचारलं.

"तेच तर विचारतोय."

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी ते दारात डबा घेऊन उभे. "उघडून बघा. नुसतं उपीटच आहे." यावर रागावणार कसं?

पण खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर संशय होता. एका जोडप्याला घर मनापासून आवडलं होतं. ते पक्कं करणार, एवढ्यात अण्णांनी त्यांना सांगितलं, की उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट पलंगावर येतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण घर विकणारा माणूस त्या आपणहून सांगतो का? ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला खरंच विकायचंय ना?" त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी त्यांच्या मुलीनं मला फोन केला. "बाबांना जरा समजवा. विकलं जात नाही तर भाड्यानं देऊ दे. आई रोज वाट बघते हो."

अण्णा तयार झाले, म्हणजे त्यांनी चौकशी सुरू केली. कोरमंगलाचा एकजण घरात आठ खाटा टाकून पीजी चालवतो म्हणाला. "आठ माणसं आणि मोरी एक?" त्याला जिनाच दाखवला. एका कुटुंबात सगळं नवराच बोलत होता. बायको गप्प का, म्हणून अण्णांनी नकार दिला. पुढच्या कुटुंबात बायकोच बोलत होती. नवरा गप्प का, म्हणून तेही गेले.

मग निपाणीकडची ती मुलगी आली. जवळच्या दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होती, सोबत आई राहणार होती. तिनं नळ सोडून बघितले, भिंतीवरून हात फिरवला, पण बसली नाही.

"खाली विक्रीचा बोर्ड आहे. इतके दिवस घर गेलं का नाही?"

"लिफ्ट नाही."

"ते चढताना कळलं. दुसरं काय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना उलटतपासणी करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"मागच्या मालकालाही घर विकायचंच होतं," ती म्हणाली. "तीन महिन्यांत गिऱ्हाईक मिळालं आणि दोन दिवसांत आम्हाला बाहेर काढलं. आईला घेऊन मी लॉजवर राहिले. तुम्हाला विकायचंय की भाड्यानं द्यायचंय, ते आधी ठरवा."

अण्णा खुर्चीत टेकले. म्हणाले, "विकलं, आणि जावयाच्या घरी पटलं नाही, तर? या वयात परत यायचं कुठं?"

त्या दीड वर्षात मी शेजारीच होतो. हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी मुलीला सांगितलं.

"मग विकू नका," ती म्हणाली. "पण तीन वर्षं उठवणार नाही, असं मला लिहून द्या. आणि अधूनमधून तपासायला येणार असाल तर फोन करून या."

"घर माझं आहे, बाई."

"राहणार आम्ही आहोत."

"स्वल्प थांबा," म्हणून अण्णा बाल्कनीत गेले. रस्त्याकडे पाठ करून, खोलीकडे बघत उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "सरी."

मी पुढच्या शब्दांची वाट पाहत होतो. ते आलेच नाहीत.

त्याच दुपारी त्यांनी स्वतः बोर्ड उतरवला. आठवड्यानं होसकोट्याला गेले. ते दर रविवारी येऊन टपकणार आणि त्या पोरीचं डोकं खाणार, याची मला खात्री होती. पण ते इथं कधी दिसले नाहीत. मीच एकदा होसकोट्याला गेलो, तेव्हा ते अंगणात अक्कांचा हात धरून त्यांना चालवत होते. "उजवा पाय आधी. मला फसवू नकोस," असं त्यांना दरडावत होते.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. महिन्याभरानं अक्कांनी घर बघायचा हट्ट धरला. आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं जावई. त्या मुलीनं दार उघडून ठेवलं होतं.

"यांनी फार त्रास दिला असेल तुला," अक्का म्हणाल्या.

"एकदाच आले होते," ती म्हणाली. "पाणी दिलं, ते दाराबाहेरच उभं राहून प्यायले. आत या म्हटलं, तर म्हणाले, नको, आज फोन न करता आलोय."

अक्का पदरानं चष्मा पुसत राहिल्या. जावई घड्याळाकडे बघून उठायला लागला, तेव्हा त्याचा हात धरून त्या म्हणाल्या, "बस रे. जरा वेळ बसू या इथं."