भिंतीवरची बाई आणि चहाचा ट्रे

मैत्रिणींनो, बेस्ट या आपल्या डच गावातल्या मराठी मंडळाच्या मीटिंगहून आत्ताच घरी आलेय. डोकं नुसतं तापलंय.

खेमेंतेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, मंडळाला चित्रासाठी एक भिंत दिलीय. मी फोनवर अमेरिकेतल्या एका भित्तिचित्राचा फोटो दाखवला. वायनडॉट या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या बायकांचं. कुळातल्या बायकाच प्रमुख निवडायच्या आणि नालायक निघाला तर काढूनही टाकायच्या, हेही सांगितलं.

"वा, काय भारी!" अध्यक्ष म्हणाले. "आपणही बायकांचंच चित्र काढू. वहिनी, तेवढा चहा टाकता का सगळ्यांना?"

आम्ही बायका आत गेलो. ट्रे घेऊन बाहेर येतोय तर मतदान उरकलेलं. भिंतीवर कोण, तर एक बाई: नऊवारी, नथ, हातात निरांजन.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? आपली स्त्रीशक्ती!"

स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर इथली मराठी शाळा सुरू करणाऱ्या शुभाताई तेव्हा माझ्या शेजारी कप वाटत होत्या. भिंतीसाठी त्यांचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

वर उद्घाटनाला आम्ही नऊवारीत यायचं म्हणे, फोटोसाठी!

अध्यक्ष बदलायचाय. कोण कोण हात वर करतंय? फक्त आधी हातातला ट्रे खाली ठेवा.