सायलेन्सरचं भोक आणि दोन मिनिटं

गेल्या शनिवारी आमच्या तारकर्लीच्या घरी मोटारसायकलच्या सायलेन्सरला भोक सापडलं. करंगळी जाईल एवढं…  आणि अख्खा पावसाळा या गाडीला जपलं, तेवढं मी माझ्या गुडघ्यांनाही जपलेलं नाही.

गाडी माझ्या मिस्टरांची. चर्चला, बाजाराला, माझ्या माहेरी आरोंद्याला, सगळीकडे मी तिच्यावर एका बाजूला बसून गेले आहे, पदर मुठीत धरून. मे महिन्यात ते विहिरीपाशी घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

डॉक्टर म्हणाले, चालतील. गाडीचं विचारलं तर नुसते हसले… तेव्हापासून मी मनाशी धरलं की गाडी गंजता कामा नये. ती गेली, तर हेही पलंगावरून उठायचं नाव घेणार नाहीत, अशी भीती वाटायची.

समुद्र घराच्या मागेच. खारी हवा डब्यातल्या सुयांनाही सोडत नाही. पाऊस अडवायला झावळ्यांच्या झडी बांधून पडवी बंद केली आणि गाडी डबल स्टँडवर आत घेतली.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं प्लास्टिक घाल. घातलं, तर आतूनच पाणी ठिबकायला लागलं. चकचकीत भागाला खोबरेल लावलं, तर मुंग्यांची रांग आली. ओल जावी म्हणून, कपड्यांना देतो तसा करवंट्यांचा धूर गाडीला द्यायला गेले, तर मिस्टर आतून ओरडले, "पेट्रोल आसा गो तेच्यात. माका खाटीसकट उडवतलस काय?"

खरा गोंधळ पुढेच. मुलगा जहाजावर असतो. त्याने फोनवर बजावलं की बॅटरी काढून ठेव आणि गाडी अजिबात सुरू करू नकोस. मिस्टर म्हणाले, रोज सांजेला दोन मिनिटं सुरू करायचीच.

कोणाचं ऐकायचं? मी नन्सच्या शाळेत वाढलेली, सूचना पाळायची सवय. पण दोन उलट सूचना आल्या तर काय करायचं ते सिस्टरांनी शिकवलं नव्हतं… शेवटी ज्यांची गाडी त्यांचं ऐकलं. या वयात किक मारायला शिकले. रोज दिवेलागणीला गाडी सुरू करायची, आणि पलंगावरून "बंद कर" अशी हाक आली की बंद करायची.

शनिवारी सतीशला बोलावलं. त्याचं मालवणात गॅरेज आहे. भोक बघून त्याने गाडी कशी ठेवली ते विचारलं, तेव्हा मी रोजच्या दोन मिनिटांचं सांगितलं. दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, म्हणाला, आत पाणी धरतं आणि आतल्या आत कुजत जातो. एक तर गाडी चांगली फिरवायची, नाहीतर हातच लावायचा नाही.

"तुमका सांगल्यान कोणी, आंटी? ह्या तर माका अंकलनीच शिकवलेला."

 मिस्टरांचा जन्म बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. आणि एकदम आठवलं… ते पावसात गोव्याला कामाला जायचे, तेव्हा बॅटरी स्वतः काढून माझ्या स्वयंपाकघरात ठेवून जायचे. मी त्यावरून भांडायचे!

म्हणजे यांना माहीत होतं.

सतीश गेल्यावर मी आत जाऊन विचारलं.  खिडकीकडे बघतच म्हणाले, "सायलेन्सर बाजारात गावता गो. माका तो आवाज व्हयो होतो… तो आयकलंय काय वाटता, मी अजून आसंय."

रागावावं की काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही. मी जीव तोडून गाडी वाचवत होते, आणि हे ती हळूहळू खर्च करत होते. मी उठून चहा ठेवला. दुसरं काही येत नव्हतं.

काल नवा सायलेन्सर बसला. संध्याकाळी किल्ली हातात घेऊन उभी राहिले… सुरू करू की नको?  शेवटी किक मारली, आणि या वेळी खुर्ची ओढून शेजारी बसले. तापू दे पुरता, म्हटलं.

दोन मिनिटं झाली, आणखी झाली. "बंद कर" काही येईना.  वळून बघितलं, तर वॉकर धरून मिस्टर दारात उभे. पलंगापासून तिथवर एकटे आले होते.

"चलां दे," एवढंच म्हणाले.

देवाचे आभार मानायचे की त्या कुजलेल्या सायलेन्सरचे, ठरवता आलं नाही… दोघांचेही मानले.