फसली साल

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंधासाठी मी आमच्या भागातल्या जुन्या दुष्काळांचा विषय घेतला आणि तिथून माझ्या डोक्याचा जो भुगा व्हायला लागला, तो अजून थांबलेला नाही. बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती. तो मी स्वतः भोगला होता. पण सर म्हणाले, "पाहिलेलं नको, कागद दाखवा." म्हणजे आपण डोळ्यांनी बघितलं तो इतिहास नव्हे, आणि हयात असलेल्या कुणीच बघितला नाही तो पक्का. हे मला पटेना आणि सरांशी वाद घालायची छाती होईना.

कागद मिळाला. धाराशिवच्या तहसिलात, निजामाच्या काळातला, ढोकीच्या आजूबाजूच्या गावांचं पीक बुडालं म्हणून सारा माफ केल्याचा. उर्दूतले आकडे तेवढे मला वाचता यायचे. बहमनी सुलतान शिकताना हिजरी सनावरून इसवी सन काढायची रीत पाठ केली होती, ती इथं लावली आणि साल काढलं. मजकूर मात्र तेरच्या एका चाचांकडून वाचून घेतला. ते जुन्या अमलात मुन्शी होते. सालाचं त्यांना विचारलंच नाही. आपल्याला येतंय ते दुसऱ्याला कशाला विचारा!

आमचे आबा, म्हणजे वडील, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला होते. एका संध्याकाळी विहारासमोर चार माणसं बसली होती, दुष्काळाचं बोलणं निघालं.

"बहात्तरचं काय घिऊन बसलाव?" आबा म्हणाले. "म्या ल्हान असताना पडला त्यो खरा. हिरीत चिखुल सुदिक न्हवता. माजी थोरली भन त्याच सालात गेली. म्या तिच्याजवळच व्हतो."

कारखान्याच्या नोंदीतलं त्यांचं वय मला पाठ होतं, आणि त्या काळातला एवढा मोठा दुष्काळ मला कागदात एकच सापडला होता. मी लगेच तोंड घातलं. "आबा, तुम्ही कुठनं असणार? मी कागद बघितलाय. तुमचा तेव्हा जन्मच झाला नव्हता."

माणसं हसली. आबांनी माझ्याकडं बघितलं. "आसंल बाबा. तू शिकलायस," म्हणाले. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मग आत्या कधी गेली? आबा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, आणि कागद तरी खोटं कशाला बोलेल? दोन्ही खरे कसे, ते मला जुळवता येईना. शेवटी मी कागदाची बाजू घेतली, आणि लोकांच्या आठवणींत सालांचा घोळ असतो, अशी तळटीप टाकून मोकळा झालो.

पक्की प्रत टाइप करायला द्यायच्या आधी चाचांना दाखवायला तेरला गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"बेटा, हे साल कुठनं आणलंस?"

"हिजरीवरून काढलं, चाचा."

"हिजरी? अरे, साऱ्याचा कागद फसलीत असतोय, पिकाच्या सालात. पीक काय चाँद बगून येतंय व्हय? आठ-नऊ वर्सं अलीकडं ये."

मी तिथंच बोटांवर मोजलं. आबा तेव्हा सात वर्षांचे होते. तसाच एसटीत बसून गावाला आलो.

अंगणात आबा काट्यावरच्या एका सोबत्याला तीच दुष्काळाची गोष्ट सांगत होते. मी दारातच थांबलो.

"आयकलेलं सांगतोय," आबा म्हणत होते. "म्या तवा न्हवतो. पोरानं कागुद बगितलाय."

सोबती गेल्यावर मी म्हणालो, "आबा, माझं चुकलं. मी साल चुकीचं काढलं. तुम्ही होता. सात वर्षांचे होता."

माझ्या तोंडाकडं बघून आबांनी मलाच विचारलं, "मंग भनीच्या तोंडात पानी घातलं, त्यो म्याच व्हतो ना रं?"