बशीच्या आतला डोंगर

वायरलेसच्या नोकरीत किस्से कसे साठतात ते कळतच नाही. चार जण जमले की मी दुसऱ्यांचे सांगतो. स्वतःचे सांगायची अजून लाज वाटते, पण आज सांगतोच!

बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यात टँकर मागवण्यासाठी गावोगावी वायरलेस सेट बसवले. कुठला आवाज कुठवर पोचेल, हे ठरवणारा इंजिनिअर मी. नवा आणि तोऱ्यातला! कंपास सापडेना, म्हणून चहाची बशी नकाशावर पालथी घातली आणि संगमनेरभोवती गोल काढला.

"मधले डोंगर?" साहेबांनी विचारलं.

"नकाशात दिसत नाहीत, सर!"

साहेब हसले आणि सही केली.

* * *

फ्रिक्वेन्सी मोजक्याच होत्या. संगमनेरची होती तीच नेवाशाला दिली. नेवाशाभोवतीही तशीच बशी फिरवली होती. दोन बशा एकमेकींना शिवत नाहीत, मग बोलणं मिसळेल कसं? पुस्तकातही तसंच होतं!

* * *

बशीच्या आतल्या एका गावी सखाराम हा ऑपरेटर होता. पन्नाशीचा, हंगामी. त्याचा आवाज संगमनेरला येईना. मी मेमो धाडला: 'सेटवर हजर राहत नाही. कामचुकार.'

दोनच दिवसांत आवाज खणखणीत!

"मेमो हाच खरा अँटेना!" मी ऑफिसभर सांगत सुटलो.

* * *

मग नेवाशाचा ऑपरेटर वैतागला. "साहेब, आमी टँकर मागतोय अन् मधीच कुनी सखाराम बोलतोय!"

सखारामला दुसरा मेमो: 'हद्दीबाहेर ऐकू येतो. सेटशी छेडछाड.' तिसऱ्या मेमोला हंगामी माणूस घरी जायचा.

* * *

तिसरा मेमो खिशात घालून मी स्वतःच त्याच्या गावी गेलो. चावडीत टेबल रिकामं. दारातली बाई म्हणाली, "त्ये रोज डोंगरावर जात्यात. खालनं आवाज जात न्हाई म्हून."

तो डोंगर चढताना मी चारदा बसलो. वर सखाराम टँकर मागत होता. शेजारी सेट आणि ट्रकची बॅटरी, रोज डोक्यावरून आणलेली. एवढ्या उंचावरून आवाज संगमनेरलाच काय, पार नेवाशालाही पोचणारच होता. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

त्यानं माझ्या खिशातून डोकावणारा कागद पाहिला. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तिसरा मेमो आनलाय व्हय, साहेब? त्यापायी एवढं चढून कशाला आलात? सांजच्याला मी खाली येतोच की!"