थंड पाण्यातला दिगंबर

फोन आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी चालू होती. नंबर शेषरावाचा होता. तो कधी आपणहून फोन करत नसे, म्हणून घाईनं उचलला. "मास्तर, भाऊ गेला," तो म्हणाला. "डुकरानं फाडला." कोणता भाऊ, हे मला क्षणभर कळेना... अकरा वर्षांत शेषरावाच्या तोंडून दिगंबरसाठी 'भाऊ' हा शब्द मी ऐकला नव्हता. सख्खा मोठा भाऊ, पण शेषराव त्याला नुसतं 'तो' म्हणायचा.

दिगंबर माझा अनसिंगच्या शाळेतला वर्गमित्र. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण मी नुसतं चांगलं लिहिलं तर तो उठून माझी गचांडी धरेल. त्याचा हात चालायचा. सातवीत मी त्याच्या फाटक्या सदऱ्याला हसलो, तर त्यानं एका ठोशात माझा पुढचा दात पाडला आणि मग तोच दात मातीतून शोधून माझ्या तळहातावर ठेवला. पुढे तो कुस्त्या खेळला, त्यात एकाचं मनगट मोडलं. घरी जेवायला बसला की त्याची बायको त्याच्या ताटाकडे नाही, हाताकडे पाहायची. हे मी पाहिलं होतं आणि त्याला कधी बोललो नव्हतो. तो दोष माझाही.

सगळ्यात वाईट घडलं ते अकरा वर्षांपूर्वी, धुऱ्यावरून. दोघा भावांच्या शेतांमधली ती हातभर रुंदीची मातीची हद्द. पेरणीच्या वेळी शेषरावाचं वखर दोन ओळी आत आलं, असं दिगंबरचं म्हणणं. शब्दानं शब्द वाढला आणि दिगंबरनं बैलगाडीची उभारी, तो कडेचा जाड दांडा, उपसून भावाच्या उजव्या खांद्यावर घातली. एकदा नाही, तीनदा. शेषराव खाली पडल्यावरचा तिसरा घाव होता. हाड चुरलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, पण हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. समोरासमोरची दारं असून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं.

गेल्या डिसेंबरात मी एक आगाऊपणा केला. माझी मुलगी कोकणात, समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये व्यवस्थापक आहे. तिथे लाकडी खोलीत गोटे तापवून घाम काढतात, सौना म्हणतात त्याला, आणि लगेच बाहेरच्या बर्फासारख्या पाण्याच्या टाकीत उतरवतात. आखडलेल्या सांध्यांना बरं वाटतं, शेषरावकाकांना घेऊन या, असं ती म्हणाली. मी दोघांनाही बोलावलं आणि एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. अकोल्याच्या फलाटावर दोघं समोर आले तेव्हा दिगंबरनं खरंच माझी कॉलर धरली. "मास्तर, तू मले फसवून राह्यला." शेषराव पिशवी उचलून परत निघाला होता. तेवढ्यात गाडी आली. शेवटी दुखऱ्या खांद्यानं निर्णय घेतला असावा; तो चढला. मागच्या डब्यातून दिगंबरही आला.

समुद्र दोघांनी पहिल्यांदाच पाहिला, पण एकमेकांपासून शंभर पावलांवर उभं राहून. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं आम्हा तिघांना त्या लाकडी खोलीत बसवलं. कमरेला पंचा, समोर तापलेले गोटे, नाकात गरम लाकडाचा वास. शेषराव खालच्या फळीवर, दिगंबर वरच्या, बरोब्बर त्याच्या पाठीमागे. आपण केलेलं काम दिगंबरनं तेव्हा पहिल्यांदा उघडं पाहिलं. खांद्याचा एक भाग खचलेला, त्यावरून गळ्यापर्यंत गेलेला जाड व्रण, आणि घामानं तो जास्तच लाल झालेला. मग दिगंबरनं विचारलं, "किती टाके पडले?"

"मोजले नाई," शेषराव मागे न पाहता म्हणाला. "शुद्ध कुठी होती मले."

मला श्वास घेववेना, मी दार उघडून बाहेर आलो. ते दोघं मात्र बसून राहिले. आधी कोण उठतो, याची जणू पैज लागली होती. अखेर मुलीनं आत जाऊन दोघांना बाहेर काढलं. दिगंबर लटपटत गेला आणि सरळ गार पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत उतरला. शेषराव काठावर उभा होता. पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं तरी मला समजायला वेळ लागला. शेषराव गुडघ्यांवर बसला, उजवा हात त्यानं दिगंबरच्या डोक्यावर ठेवला आणि सगळं अंग लोटून त्याला पाण्याखाली दाबलं.

मला वाटलं, आता एका झटक्यात दिगंबर त्याला फरशीवर आपटेल. तो हललाही नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते. शेषरावाचे दात एकमेकांवर रुतले होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि तो एकच शब्द पुटपुटत होता, "तीनदा... तीनदा..." मी आणि मुलीनं त्याला मागे ओढलं तेव्हा दिगंबर वर आला. ओठ निळे, नाकातोंडातून पाणी. खोकला थांबल्यावर त्यानं भावाकडे पाहिलं.

"झालं तुह्य?"

"नाई," शेषराव म्हणाला.

दिगंबरनं छातीभर श्वास घेतला आणि तो स्वतःच पाण्याखाली गेला. पाणी शांत झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक... शेषरावच ओरडत टाकीत उतरला, काखेत हात घालून त्याला वर काढलं, आणि दोघं कुडकुडत त्या पाण्यात उभे राहिले. परतीच्या गाडीत मी दिगंबरला विचारलं, तू त्याला झटकलं काहून नाही? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "त्याच्या हातात ताकद किती उरली हाय, ते पाहून राह्यलो होतो मास्तर. बरी हाय."

फेब्रुवारीत हरभऱ्याची सोंगणी चालू होती. त्या सकाळी शेषरावाची बायको, मंगला, आपल्या शेतात एकटीच होती. शेजारच्या गव्हातून रानडुक्कर निघालं आणि तिच्यावर आलं. तिची किंकाळी ऐकून दिगंबर विळा घेऊन धुरा ओलांडून धावला. मंगलानं मला दहाव्या दिवशी सांगितलं, "मोठ्या भाऊंनी त्याच्या कानालेच धरलं. मले म्हणे, पय, झाडावर चढ. मी चढली, वरून पाहत होती. डुकरानं दोनदा मांडी उकलली, तरी त्यायनं सोडलं नाई." डुक्कर विळ्याच्या घावांनी तिथंच पडलं. दिगंबरची मांडीतली रक्तवाहिनी फाटली होती. वाशीमच्या वाटेवर जीपमध्ये, शेषरावाच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. सगळं आयुष्य ज्या हातांची माणसांनी भीती बाळगली, ते शेवटी कशाला उपयोगी पडले ते मी सांगितलं; आधीचं त्यानं पुसून निघतं का, हे मी कसं ठरवू? त्याची बायको सुतकात रडली नाही. नुसती बसून होती.

तेरवी झाल्यावर शेषराव मला शेतात घेऊन गेला. धुऱ्याच्या मधोमध, अर्धी याच्या आणि अर्धी त्याच्या शेतात, टिनाची एक बुटकी खोली उभी होती. आत दगडांची चूल, वर नाल्यातले काळे गोटे, बसायला एक फळी. बाहेर सिमेंटचा हौद. कोकणातून आल्यावर दिगंबरनं कुणाला न सांगता ती बांधली होती.

"तो म्हणे, तुह्या खांद्याले शेक लागते," शेषराव सांगू लागला. "तीन ऐतवार बसलो आमी."

"काय बोलायचे?"

"काई नाई. तो गोटे तापवे, मी बसो. मंग तो हौदात उतरे अन् म्हणे, ठेव हात डोक्यावर. दोनदा म्या नाई ठेवला."

"आणि तिसऱ्यांदा?"

शेषराव हौदाच्या काठावर बसला. "ठेवला," तो म्हणाला. "दाबला नाई. नुसता ठेवला."